शाखाप्रमुख

शाखाप्रमुख हा मुंबई, ठाणे आणि आसपासच्या शहरांत शिवसेनेच्या प्रभागपातळीवरील शाखेचा मुख्य पदाधिकारी असतो. महापालिकेच्या कायद्यात या पदाचा उल्लेख नाही, त्याला पगार वा मानधन नाही आणि त्याच्या सहीशिक्क्याला सरकारदरबारी कोणतेही वैधानिक मूल्य नाही. तरीही चाळीच्या नळाला चार दिवस पाणी आले नाही, रुग्णालयात खाट मिळेना किंवा घरमालकाने सामान बाहेर काढले, तर ‘आधी शाखेत जाऊन ये’ असे सांगण्याची सवय मुंबईच्या मराठी वस्त्यांना गेल्या पाच-सहा दशकांत लागली आहे. कायद्याने काहीही हाती नसलेल्या माणसाकडे रहिवासी आपले गाऱ्हाणे घेऊन का जातात आणि ते तडीस कसे लागते, हे पाहिल्याखेरीज या पदाचा अर्थ कळत नाही.

शिवसेनेची स्थापना १९ जून १९६६ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी केली आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवाजी पार्कवर तिचा पहिला जाहीर मेळावा झाला. त्या काळात गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, गणेशोत्सव मंडळे आणि भजनी मंडळे यांचे दाट जाळे होते. गिरणगावात लाल बावट्याच्या युनियनचे कार्यकर्ते चाळीचाळीतून फिरत आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तयार झालेली तरुण पोरे गल्लोगल्ली होती. शिवसेनेने संघटना उभारताना हेच घटक हाताशी धरले. कामाच्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या युनियनपेक्षा राहत्या वस्तीत उभी राहणारी शाखा हा तिचा कणा ठरला. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत पक्षाचे ४२ नगरसेवक निवडून आले आणि १९८५ मध्ये महापालिकेची सत्ता हाती आली. ‘ऐंशी टक्के समाजकारण, वीस टक्के राजकारण’ हे घोषवाक्य पक्षाने दिले. त्यातले समाजकारण प्रत्यक्षात दिसायचे ते शाखेच्या दहा बाय पंधराच्या खोलीत.

ही खोली बहुधा नाक्यावर, चाळीच्या तोंडाशी किंवा पदपथाला लागून असते. दर्शनी भाग किल्ल्याच्या बुरुजासारखा, वर भगवा झेंडा, वाघाचे तोंड, आत शिवाजी महाराजांची प्रतिमा वा पुतळा, एक टेबल, भिंतीला लागून बाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बाहेर काळा फळा असतो आणि त्यावर खडूने सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते: रक्तदान शिबिराची तारीख, दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्काराची वेळ, वस्तीतील कुणाच्या निधनाची वार्ता, अंत्ययात्रा किती वाजता निघणार तेही. वर्तमानपत्र न घेणारे घरही येता-जाता हा फळा वाचत असे, आणि मोबाइलवरील गट आल्यानंतरही अनेक शाखांनी तो पुसलेला नाही.

शाखाप्रमुखाचा दिवस दोन भागांत मोडतो. बहुतेक जण दिवसा नोकरी, दुकान किंवा लहानसा धंदा करतात आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर शाखेत बसतात. ‘जय महाराष्ट्र’ म्हणून आत येणाऱ्या माणसाला बसायला सांगितले जाते आणि काम विचारले जाते. समजा, तळमजल्यावरच्या एका बाईंनी तक्रार आणली की मोरीतून गटाराचे पाणी उलटे वर येते. अनुभवी शाखाप्रमुख तक्रार लिहून घेण्याआधी दोन-तीन प्रश्न विचारतो: पाणी फक्त तुमच्याकडे येते की शेजारीही, मुख्य वाहिनी तुंबली आहे की इमारतीच्या आतली, चेंबर कंपाउंडच्या आत आहे की बाहेर. कारण चेंबर बाहेर असेल तर ते महापालिकेचे काम, आत असेल तर घरमालकाचे किंवा म्हाडाचे, आणि चुकीच्या दारात गेलेले पत्र महिनाभर पडून राहते. मग पक्षाच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसच्या साहाय्यक अभियंत्याच्या नावे चार ओळींचे पत्र लिहिले जाते, खाली ‘जय महाराष्ट्र’, सही आणि रबरी शिक्का. त्याची आवक नोंद झालेली प्रत बाईंच्या हाती पडते. पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाला केलेला फोन, कारण वॉर्डातला मुकादम, पाणी सोडणारा चावीवाला, शिधावाटप कार्यालयातला कारकून आणि पोलीस चौकीतला हवालदार ही माणसे शाखाप्रमुखाला नावाने ओळखत असतात.

या ओळखीचे महत्त्व समजण्यासाठी आकडा ध्यानात घ्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती आणि महापालिकेचे प्रभाग २२७ आहेत; म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी पंचावन्न हजार माणसे येतात. एवढ्यांच्या दारी एक निवडून आलेला माणूस पोहोचू शकत नाही. शाखाप्रमुखाच्या हाताखाली उपशाखाप्रमुख आणि गटप्रमुख असतात, बरोबरीने महिला आघाडीच्या पदाधिकारी आणि युवासेनेचे कार्यकर्ते असतात, वर उपविभागप्रमुख आणि विभागप्रमुख. गटप्रमुखाकडे दोन-चार चाळी किंवा इमारती असल्यामुळे कोण आजारी आहे, कुणाच्या मुलाला अकरावीचा प्रवेश मिळाला नाही, कोणते घर भाड्याने गेले, हे त्याला न विचारता कळते. जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे वह्यावाटप, मकरसंक्रांतीचे हळदीकुंकू, गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी सोडलेल्या बसगाड्या आणि रात्री-अपरात्री धावणारी रुग्णवाहिका ही कामे याच साखळीतून होतात. यात नवरा-बायकोचे भांडण आणि भाऊबंदांचा खोलीवरून झालेला तंटाही येतो. कोर्टाची पायरी चढायला पैसा आणि उमेद नसलेली माणसे शाखेचा निवाडा मान्य करतात. तो नेहमी न्याय्य असतो असे मात्र नाही, कारण ज्याचे शाखेशी जवळचे संबंध त्याचे पारडे जड होण्याची शक्यता राहते.

ठाण्यात जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांनी टेंभी नाक्यावरील आनंदाश्रमात रात्री उशिरापर्यंत गाऱ्हाणी ऐकण्याची जी रीत पाडली, ती म्हणजे शाखेच्या कामाचेच मोठे रूप होते. २६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरही ठाण्यातील शाखाप्रमुखांसमोर कामाचा आदर्श म्हणून तीच रीत राहिली.

निवडणुकीच्या दृष्टीने शाखाप्रमुखाची खरी मालमत्ता म्हणजे मतदारयादी. प्रभागाची यादी भागांत विभागलेली असते आणि प्रत्येक भाग एका गटप्रमुखाच्या ताब्यात दिला जातो. नव्याने अठरा पूर्ण झालेल्या मुलांचे नमुना ६ चे अर्ज भरून घेणे, मयत व स्थलांतरित नावांवर नमुना ७ देणे, पत्ता बदललेल्यांचा नमुना ८ भरणे, हे कंटाळवाणे काम वर्षभर चालले तरच मतदानाच्या दिवशी उपयोगी पडते. त्या दिवशी सकाळी केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर टेबल मांडून यादीवर खुणा केल्या जातात. दुपारनंतर गटप्रमुख खुणा न झालेल्या नावांची घरे धुंडाळत जिने चढू लागतात. पुनर्विकासामुळे लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबे संक्रमण शिबिरांत आणि पुढे डोंबिवली, बदलापूर, विरारपर्यंत पांगली. त्यातल्या ज्यांचे मत अजून जुन्याच पत्त्यावर आहे त्यांना त्या दिवशी बोलावून आणणे हे स्वतंत्र कामच होऊन बसले आहे.

शाखाप्रमुख निवडून येत नाही, नेमला जातो. विभागप्रमुखाच्या शिफारशीने वरून नेमणूक होते आणि २०२२ मध्ये पक्ष फुटेपर्यंत ती ‘सामना’ या पक्षाच्या दैनिकात प्रसिद्ध केली जात असे. नेमणूक जशी वरून येते तशीच ती वरून काढूनही घेतली जाते, त्यामुळे शाखाप्रमुखाला एकाच वेळी वस्तीला आणि वरिष्ठांना धरून राहावे लागते. पक्षांतर्गत निवडणुकीचा अभाव ही या रचनेतील मोठी उणीव म्हणावी लागेल, कारण वस्तीला नको असलेला माणूस बदलण्याचा सरळ मार्ग वस्तीपाशी नसतो. शाखेचा क्रमांक बहुधा प्रभाग क्रमांकावरून ठरतो. प्रभागरचना बदलली की क्रमांक बदलतो, कधी हद्दही बदलते आणि दहा वर्षे राबलेल्या गल्ल्या शेजारच्या शाखेकडे जातात.

या पदावरची बहुतेक माणसे नगरसेवकपदाच्या उमेदवारीकडे डोळे लावून असतात. नारायण राणे चेंबूरमध्ये आणि एकनाथ शिंदे ठाण्याच्या किसननगरमध्ये शाखाप्रमुख होते; पहिले १९९९ मध्ये आणि दुसरे २०२२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. अशी उदाहरणे विरळा. महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण लागू झाल्यापासून सोडतीची चिठ्ठी शाखाप्रमुखाचे पुढचे आयुष्य ठरवते. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की पुष्कळदा शाखाप्रमुखाच्या पत्नीचे नाव पुढे केले जाते. यात वर्षानुवर्षे हळदीकुंकवापासून मोर्चापर्यंत खपलेल्या महिला आघाडीच्या कार्यकर्तीवर अन्याय होतो, आणि हा अन्याय संघटनेने पुरेसा गांभीर्याने घेतलेला नाही. दुसरीकडे, याच आरक्षणामुळे अनेक जणी स्वतःच्या बळावर नगरसेविका झाल्या.

या पदाची काळी बाजू टाळून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. सुरुवातीच्या वर्षांत दाक्षिणात्य व्यावसायिकांविरुद्धची आणि कम्युनिस्टांविरुद्धची दांडगाई वस्तीत बहुतांशी शाखांच्या मार्फतच पोहोचली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने, ८ जानेवारी १९९३ पासून मुस्लिमांवरील हल्ले संघटित करण्यात शिवसेना व शिवसैनिकांनी पुढाकार घेतला आणि त्यास शाखाप्रमुखापासून शिवसेनाप्रमुखांपर्यंतच्या नेत्यांचे मार्गदर्शन होते, असा निष्कर्ष नोंदवला. एरवी रक्ताच्या बाटलीसाठी धावणारी साखळीच तेव्हा माणसे हेरण्यासाठी आणि जमाव गोळा करण्यासाठी वापरली गेली, ही गोष्ट या रचनेचे मूल्यमापन करताना बाजूला ठेवता येत नाही. उत्सवाच्या वर्गणीची सक्ती, फेरीवाल्यांकडून घेतला जाणारा हप्ता आणि पुनर्विकासात बिल्डरशी होणारी हातमिळवणी हे आरोपही या पदाला चिकटलेले आहेत.

इतर पक्षांतही असे पदाधिकारी आहेत. काँग्रेसमध्ये वॉर्ड व ब्लॉक अध्यक्ष, भारतीय जनता पक्षात बूथप्रमुख आणि मतदारयादीच्या एका पानाची जबाबदारी असलेला पन्नाप्रमुख. ९ मार्च २००६ रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने शाखेचा साचा जवळपास तसाच उचलला आणि पदाला शाखाध्यक्ष म्हटले.

जून २०२२ मधील फुटीनंतर शाखाप्रमुखांवर जी वेळ आली तिला पक्षाच्या इतिहासात तोड नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. उद्धव ठाकरे यांच्या गटाकडे शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) हे नाव आणि मशाल हे चिन्ह राहिले. आयोगाचा निर्णय नाव आणि चिन्हापुरता होता. शाखेच्या खोल्या कुणाच्या, हा प्रश्न मागे उरला. वर्गणी काढून, श्रमदान करून उभ्या केलेल्या या जागांचे कागद अनेक ठिकाणी पक्षाच्या नव्हे तर स्थानिक व्यक्तींच्या नावावर होते. ऑगस्ट २०२२ मध्ये डोंबिवलीच्या शाखेत दोन्ही गट हातघाईवर आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंब्र्याची शाखा बुलडोझरने पाडली गेली आणि तेथे जाणाऱ्या उद्धव ठाकरे यांना पोलिसांनी वाटेत अडवले.

त्यातच ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. या काळात पाणी, कचरा आणि खड्ड्यांच्या तक्रारींचा बराचसा ओघ माजी नगरसेवकांकडे आणि शाखांकडे वळला. अनेक प्रभागांत आता दोन शाखाप्रमुख आहेत, दोन फळे आहेत आणि दोन लेटरहेड. तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन निघालेले रहिवासी पुष्कळदा दोन्हीकडून पत्र घेतात आणि वॉर्ड ऑफिसात दोन्ही जोडून देतात.