ओटा फोडण्याआधी लिंबाचा एक थेंब

जुन्या सोसायटीतलं सात बाय आठचं स्वयंपाकघर नवं करायला काढलं की ठेकेदार आत पाऊल टाकताच ओट्याकडे बघून मान हलवतो. "कडप्पा आहे. डाग पार आत मुरलेत. फोडून ग्रॅनाइट टाकू." घरातल्यांनाही ते पटतं, कारण गॅसच्या शेजारी पांढुरके चट्टे दिसत असतात, कोकमाच्या वाटीची गोल कडा उमटलेली असते आणि कितीही घासलं तरी ती जात नाही. मग ओटा फुटतो. त्याच्यासोबत मागच्या टाइल्सची खालची रांग फुटते, सिंक निघतं, सांडपाण्याचा पाइप हलतो आणि राडारोडा खाली नेण्याचे पैसे वेगळे. कमी पैशांत करायचं काम बघता बघता दुप्पट होतं, आणि तेही एका चुकीच्या निदानावर.

ते चट्टे बहुतेक वेळा डाग नसतातच. तिथला दगड किंचित नाहीसा झालेला असतो.

कडप्पा हा आंध्रातल्या कडप्पा भागातून येणारा चुनखडक, म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. जमिनीवर झाडं येण्याच्या कितीतरी आधी समुद्रतळावर साचलेला हा गाळ. त्यात अडकलेल्या कार्बनी पदार्थांमुळे तो काळा झाला. आपल्या घरांतली शहाबादी फरशी कर्नाटकातली आणि कोटा राजस्थानातला, तेही चुनखडकच. महाराष्ट्राचा बहुतेक भाग मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, बेसॉल्टचा. त्याचे पाटे, वरवंटे आणि जाती उत्तम होतात, पण चुनखडकासारख्या पातळ, सपाट लाद्या सहज सुटत नाहीत. म्हणून ओटा परराज्यातून आला.

चुनखडक आणि आम्ल यांचं जमत नाही हे शाळेत शिकलेलं असतं. लिंबातलं सायट्रिक, चिंचेतलं टार्टारिक, दह्यातलं लॅक्टिक, कोकमातलं हायड्रॉक्सिसायट्रिक. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकात यांतलं काहीतरी रोज ओट्यावर सांडतंच. कॅल्शिअम कार्बोनेट विरघळतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. किती विरघळतं? एक मिलिलिटर रसात साधारण 50 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल धरा. ते पूर्ण वापरलं गेलं तर सुमारे 39 मिलिग्रॅम दगड खाईल. रस दहा चौरस सेंटिमीटरवर पसरला असेल तर ही झीज जास्तीत जास्त 14 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. प्रत्यक्षात आपण रस पुसून टाकतो, त्यामुळे त्याहूनही कमी.

मग एवढ्याशा झिजेने काळा दगड पांढुरका का दिसावा? मला या प्रकरणातला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर. आम्ल दगड सगळीकडे सारखा खात नाही; कणांच्या कडा आधी जातात, काही कण मागे उरतात. पृष्ठभागावर तरंगलांबीहून मोठे खड्डे आणि उंचवटे तयार होतात. आता दहावीतला अपवर्तनांक आठवा, म्हणजे पदार्थात शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो याचा आकडा. हवेचा 1, पाण्याचा 1.33, खोबरेल तेलाचा सुमारे 1.45 आणि कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडकातल्या कॅल्शिअम कार्बोनेटच्या स्फटिकांचा, सरासरी 1.6 (कॅल्साइटला खरं तर दोन अपवर्तनांक असतात, पण ती गंमत पुन्हा कधीतरी). दोन माध्यमांच्या सीमेवर प्रकाश सरळ पडला तर किती परत फिरतो हे काढायला दोन्ही अपवर्तनांकांची वजाबाकी भागिले बेरीज करायची आणि त्याचा वर्ग घ्यायचा. हवा आणि कॅल्साइट यांच्यासाठी 0.6 भागिले 2.6, वर्ग केला की साधारण 0.05. म्हणजे ओट्यावर पडलेल्या प्रकाशातला 5 टक्के वरच्या वरच परत येतो. उरलेला आत शिरतो आणि काळ्या कार्बनमध्ये जवळजवळ संपतो.

पॉलिश शाबूत असेल तर हा 5 टक्के प्रकाश एकाच दिशेने परततो. त्या दिशेला डोळा असेल तर ट्यूबलाइटची लांबट प्रतिमा दिसते, नसेल तर फक्त काळा दगड. खडबडीत चट्ट्यावरूनही साधारण तेवढाच प्रकाश परततो, पण सगळीकडे विखरून. कुठूनही बघा, त्यातला थोडा डोळ्यात येतोच आणि काळ्यावर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं. प्रकाश वाढलेला नसतो, नुसता वाटला गेलेला असतो.

आता त्याच चट्ट्यावरून ओलं फडकं फिरवा. खड्डे पाण्याने भरले. हिशेब बदलला: 0.27 भागिले 2.93, वर्ग 0.0085. खडबडीत सीमेवरून परतणारा प्रकाश एक टक्क्याच्याही खाली आला. पाण्याचा वरचा पृष्ठभाग थोडा प्रकाश परतवतो खरा, पण तो सपाट असल्यामुळे एकाच दिशेला. चट्टा गायब! पाणी वाळलं की पुन्हा हजर. खोबरेल तेल लावलं तर हाच आकडा पाव टक्क्यापर्यंत उतरतो, आणि तेल वाळून जात नाही. ओट्याला तेलाचा हात फिरवणाऱ्या आज्यांचं प्रकाशशास्त्र पक्कं होतं. फक्त त्यासाठी करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल नको. त्यांतली असंतृप्त मेदाम्लं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जाऊन चिकट थर होतो. खोबरेल बहुतांशी संतृप्त, म्हणून ते बरं. पुसून कोरडं करायचं, नाहीतर झुरळांची सोय.

निदानाची युक्तीही यातच आहे. ओट्याचा चट्टा ओला करून बघा. दिसेनासा झाला तर दगड फक्त वरून खरखरीत झालाय. पॉलिशने तो परत काळा होईल. ओला असतानाही दिसत राहिला तर तो खरा डाग किंवा नळाखाली जमलेला क्षारांचा जाड थर असू शकतो. आणि लादीला आरपार चीर असेल किंवा ती हलत असेल, तर मात्र ठेकेदाराचं म्हणणं ऐका.

पॉलिश म्हणजे काही लेप नव्हे. घासायच्या खरखरीत दगडापासून सुरू करून अधिकाधिक बारीक घर्षकाने, पाणी सोडत, उंचवटे कापत जायचं. काही कारागीर शेवटी ऑक्झॅलिक आम्लाची पावडर वापरतात. तिने तयार होणारं कॅल्शिअम ऑक्झॅलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एरवी ओट्यापासून आम्ल लांब ठेवायचं. टॉयलेट साफ करायचं आम्ल तर नकोच, ते टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटही खातं.

वाचलेल्या पैशांतून आधी दिवा बदला. खोलीच्या मधोमध लावलेल्या ट्यूबचा उजेड आपल्याच पाठीवर पडतो आणि आपण स्वतःच्या सावलीत भाजी चिरत बसतो. वरच्या कपाटाखाली एलईडीची पट्टी लावली की काळ्या ओट्याची निम्मी तक्रार मिटते. स्वयंपाक करताना तोंड पूर्वेला हवं म्हणून धडधाकट ओटा फोडून समोरच्या भिंतीला नेणारेही मी पाहिलेत. ज्योतीला दिशा कळत नाही, वारा कळतो. शेगडी खिडकीच्या थेट झोतात नको, एवढंच बघायचं.

तरीही ग्रॅनाइट हवाच असेल तर बेलाशक घ्या. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या सिलिकेट खनिजांवर लिंबू चालत नाही आणि सुरीनेही सहसा ओरखडा पडत नाही. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा दगड भूशास्त्राच्या हिशेबाने बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, पण ओट्यासाठी तोही चांगलाच. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवून बघा. चमक गेली तर तो चुनखडकाच्या जातीचा. 2008 साली अमेरिकेत ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन हा किरणोत्सारी वायू येतो म्हणून बरीच घबराट झाली होती आणि तिचे संदेश अजून फिरतात. घरातल्या रेडॉनचा मुख्य स्रोत घराखालची जमीन आहे, ओटा नव्हे.

धोका आहे तो दगड कापताना, आणि तो कारागिराला. ग्रॅनाइटच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. कारखान्यात राळ मिसळून बनवलेल्या पांढऱ्याशुभ्र 'क्वार्ट्झ' लाद्यांमध्ये तर ती 90 टक्क्यांच्या आसपास असू शकते. ही बारीक धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम लाद्यांवर बंदी घातली, ती याच कारणाने. आपल्याकडे गॅलरीत बसून, नाकाला रुमाल बांधून सुकं कटर चालवणारा मुलगा नेहमी दिसतो. रुमालातून ती धूळ आरामात जाते. सिंकचं भोक पाडायचं असेल तर कटरवर पाण्याची धार आणि चांगला मास्क, हे दर ठरवतानाच बोलून घ्या.