पाळण्यातलं बाळ आणि परीलोक: एका समजुतीचा इतिहास

काल-परवापर्यंत हसतं-खेळतं असलेलं बाळ अचानक किरकिरं होतं. अधाशासारखं खातं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. वय वाढतं तरी उभं राहत नाही, बोलत नाही. मग घरात कुजबूज सुरू होते: हे आपलं नव्हेच. आपलं मूल परीलोकांनी उचललं आणि त्यांच्यातलं कुणीतरी जख्ख, खंगलेलं पाळण्यात टाकून गेले. आयर्लंडपासून जर्मनी-स्वीडनपर्यंत ही समजूत शतकानुशतकं टिकली. इंग्रजीत अशा मुलाला चेंजलिंग म्हणतात. बाळ पळवलं जाऊ नये म्हणून तिथे पाळण्याशी लोखंडाची वस्तू ठेवत. आपल्याकडेही बाळंतिणीच्या उशाशी विळा असायचाच.

ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहात यावरची एक छोटी गोष्ट आहे. शेजारीण आईला सांगते, अंड्याच्या टरफलात पाणी उकळायला ठेव. ते बघून पाळण्यातलं पोर बोलतं, ‘मी वेस्टरवाल्डच्या जंगलाइतका जुना, पण टरफलात रांधताना कुणाला पाहिलं नाही’, आणि हसू लागतं. तेवढ्यात बुटके येतात, खरं मूल चुलीपाशी ठेवतात आणि आपलं घेऊन जातात. गोष्ट गोड आहे. पण याच जातीच्या कित्येक कथांमधला उपाय फटक्यांचा, विस्तवाचा किंवा नदीचा असतो. पोराचे हाल केले की त्याची खरी आई धावत येईल, हा त्यामागचा हिशेब. तो कथेपुरता राहिला नाही.

तेराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळ गिनफोर नावाच्या कुत्र्याला बायका संत मानून भजत. एतिएन द बुर्बों या धर्मगुरूने तिथे काय चाले ते लिहून ठेवलं आहे. आजारी बाळ घेऊन आया त्या कुत्र्याला पुरलेल्या राईत जात, त्याला उघडं करून दोन झाडांच्या मधून नऊ वेळा इकडून तिकडे देत आणि वनातल्या भुतांना विनवत, तुमचं तुम्ही न्या, आमचं परत द्या. मग बाळाला झाडाखाली ठेवून दोन्ही बाजूंना मेणबत्त्या लावायच्या आणि रडणं ऐकू येणार नाही इतकं लांब जायचं. काही बाळं त्या मेणबत्त्यांनीच होरपळून गेली. जी वाचत, त्यांना जवळच्या नदीत नऊ बुचकळ्या. एतिएनने कुत्र्याची हाडं उकरून काढायला लावली, झाडं तोडून जाळली. तरीही ती जागा पुढे कित्येक शतकं पुजली गेली.

शिकलेसवरलेलेही याला अपवाद नव्हते. जर्मनीतल्या देसाऊमधल्या अशाच एका मुलाला नदीत बुडवा, असा सल्ला प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने दिला होता. तिथल्या राजाने तो मानला नाही.

१८२६ साली आयर्लंडच्या केरी परगण्यात मायकल लेही हे मूल फ्लेस्क नदीत बुडून मेलं. त्याला उभं राहता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ॲन रोश या म्हातारीने त्याच्यातली परी घालवायला त्याला लागोपाठ तीन दिवस पहाटे नदीत बुचकळलं होतं. खटल्यात ती निर्दोष सुटली. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अस्वस्थ करतं ते हेच मूल. आज त्याला सेरेब्रल पाल्सी म्हटलं गेलं असतं की आणखी काही, कोण सांगणार. पण आजाराला नाव नव्हतं तिथे परीचं नाव तयार होतं. प्रौढ माणसंही त्यातून सुटली नाहीत. १८९५च्या मार्चमध्ये आयर्लंडमधल्याच टिपररीतल्या ब्रिजेट क्लिअरी या आजारी तरुणीला, ही माझी बायकोच नव्हे, म्हणत नवऱ्याने घरातच जाळलं. सदोष मनुष्यवधासाठी त्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

साहित्याने बहुतेक वेळा पळवलेल्या मुलाकडे पाहिलं. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणी टायटानिया आणि परीराजा ओबेरॉन ज्याच्यावरून भांडतात तो पोरगा तर हिंदुस्थानातला. घरात उरलेल्या पोराची बाजू घेतली ती स्वीडनच्या सेल्मा लागरलॉफने, १९१५च्या एका कथेत. तिच्यातली शेतकरीण ट्रोलचं, म्हणजे तिकडच्या लोककथांतल्या राक्षसाचं, पोर सांभाळते, नवऱ्याच्या छडीपासून, आगीपासून वाचवते. शेवटी परतलेला मुलगा बापाला सांगतो, तुम्ही इथे त्याच्याशी जसं वागलात, तसंच ट्रोलीण तिथे माझ्याशी वागत होती.