पूर तुमच्या जागेपर्यंत कसा येतो? महासंगणकावरच्या अभ्यासाविषयी ग्राहकांसाठी माहिती

शिरोळ तालुक्यात पुराचं पाणी दरवेळी वरूनच येतं असं नाही. कृष्णा फुगली की नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही. तिचं पाणी मागे चढतं आणि ओढ्यांतून उलटं शिवारात शिरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हा आकडा सगळ्यांना कळतो, पण त्यावरून तुमच्या गोठ्यात किंवा गोदामात किती पाणी येईल ते सांगता येत नाही. आम्ही तेच शोधतो.

त्यासाठी संगणकात जमिनीचे छोटे चौकोन पाडतो. प्रत्येक चौकोनाची उंची, तिथे ऊस आहे की डांबरी रस्ता, पाऊस आणि धरणाचा विसर्ग किती, हे भरतो. मग शेजारच्या चौकोनातून किती पाणी आलं आणि किती गेलं, याचा क्षणाक्षणाचा हिशेब चालतो. त्यामागची समीकरणं फ्रेंच अभियंते सेंट व्हेनंट यांनी १८७१ मध्येच मांडली होती.

अडचण आकारमानाची आहे. ५०० चौरस किलोमीटरचे ३० मीटरचे चौकोन पाडले तर ते साडेपाच लाख होतात. पण एवढ्या मोठ्या चौकोनात बांध, रस्त्याचा भराव, मोरी हरवून जाते आणि पाणी अडतं-वळतं ते नेमकं तिथेच. २ मीटरचे चौकोन घेतले तर ते साडेबारा कोटी होतात. शिवाय २ मीटर खोल पाण्यातली लाट सेकंदाला चार मीटरहून जास्त सरकते, म्हणून ती एका टप्प्यात चौकोन ओलांडून जाऊ नये यासाठी हिशेबाचा प्रत्येक टप्पा अर्ध्या सेकंदाहून लहान ठेवावा लागतो. चौकोन २२५ पट आणि टप्पे १५ पट, म्हणजे एकूण गणित ३,३७५ पट वाढतं! महासंगणकावर हा प्रदेश हजारो प्रोसेसरांत वाटून देतात. भावाभावांत वाटणी झाली तरी बांधावरचं पाणी एकमेकांना सांगूनच सोडावं लागतं. तसा प्रत्येक प्रोसेसर दर टप्प्याला आपल्या कडेचं पाणी शेजाऱ्याला कळवतो.

यंत्र कितीही मोठं असलं तरी जमिनीची माहिती चुकली की उत्तर चुकतं. उपग्रहाच्या उंचीत उभा ऊस आणि छपरं मिसळलेली असतात. म्हणून आम्ही प्रत्यक्ष मोजणीचा आग्रह धरतो, आणि त्यात तुमची मदत लागते. २००५, २०१९, २०२१ च्या पुराच्या भिंतीवरच्या खुणा दाखवा. कुठली मोरी बुजली आहे, कुठला भराव नंतर पडला, ते सांगा. गावातल्या जाणत्या माणसाने दाखवलेली एक खूण आम्हाला फार मोलाची वाटते, कारण आमचा हिशेब आधी त्या खुणेशी जुळवूनच आम्ही पुढचा अंदाज देतो.

तुम्हाला पाण्याची खोली, ते पोचायला लागणारा वेळ आणि किती काळ साचेल, याचे नकाशे मिळतील. बांधकाम परवानगीसाठी मात्र जलसंपदा विभागाची निळी (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषाच ग्राह्य आहे. आमचा नकाशा तिची जागा घेत नाही. मोजणी पावसाळ्याआधी व्हायला हवी, तेव्हा मागणी उन्हाळ्यातच नोंदवा.