नव्या सशाचं तात्पुरतं घर: खर्च कमी, जागा भरपूर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ससा घरी आणायचं ठरतं, आणि पुष्कळदा ठरायच्या आतच तो घरी येऊन बसतो. कुणाला झेपेना म्हणून तुमच्याकडे आलेला असतो, कुणी भेट दिलेला असतो. मग तुम्ही आमच्याकडे येता आणि म्हणता, "सध्यापुरता एखादा छोटा, स्वस्तातला पिंजरा द्या. मोठं घर नंतर बघू."

हे पत्रक त्या "सध्यापुरता" या शब्दासाठी लिहिलं आहे. सध्यापुरता घेतलेला पिंजरा महिनोन्‌महिने कोपऱ्यात तसाच राहतो, हे आम्ही फार वेळा पाहिलं आहे. ससा गप्प राहणारा प्राणी. भुंकत नाही, ओरडत नाही, त्यामुळे त्याला जागा अपुरी पडते आहे हे घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि पुढे मोठं घर घेतलंच, तर तो छोटा पिंजरा माळ्यावर जातो, म्हणजे पैसे दोनदा गेले.

म्हणून आमचा पहिला सल्ला: पिंजरा घेऊ नका, कुंपण घ्या. आम्ही पिंजरे विकतो, तरीही हेच सांगतो.

जागा मोजायची कशी

पाळीव ससे, मग ते कुठल्याही जातीचे असोत, युरोपातल्या रानसशाचे वंशज आहेत. तो जमिनीत बीळ करून राहतो, तिन्हीसांजेला आणि पहाटे चरायला बाहेर पडतो आणि चाहूल लागली की धूम ठोकून बिळात शिरतो. तुमच्या घरातल्या सशाचं अंगही त्याच दोन गोष्टींसाठी घडलेलं आहे: पळायला मोकळी जमीन आणि दडायला अंधारी जागा. तात्पुरत्या घरातसुद्धा दोन्ही हव्यात.

लांबी एवढी असावी की सशाला सलग तीन उड्या मारता येतील. वर छप्पर असेल तर मागच्या पायांवर उभं राहिल्यावर कान त्याला टेकता कामा नयेत. आणि हातपाय ताणून आडवं पडता आलं पाहिजे. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सुचवते. म्हणजे साधारण ६५ चौरस फूट. हा आकडा सांगितला की समोरचा माणूस दचकतो. "एवढा पिंजरा ठेवू कुठे?" पिंजरा म्हटलं तर खरोखरच अवघड आहे. कुंपण म्हटलं की गणितच बदलतं.

आठ पॅनलांचं गणित

घडीच्या कुंपणाच्या एका संचात बहुधा ८ पॅनल, म्हणजे जाळीच्या चौकटी, असतात आणि एकेक पॅनल २ फूट रुंद असतो. खोलीच्या मधोमध चौकोन उभा केला तर प्रत्येक बाजूला दोन पॅनल, म्हणजे ४ फूट बाय ४ फूट. जागा झाली १६ चौरस फूट. एका ससुल्याला ती चार दिवस चालेल, त्यापुढे नाही.

आता तेच कुंपण एका भिंतीला लावा. दोन पॅनल इकडे, दोन तिकडे, समोर चार, आणि मागची बाजू भिंतीची. ४ बाय ८, म्हणजे ३२ चौरस फूट. खोलीचा मोकळा कोपरा मिळाला तर आणखी बरं: दोन बाजू भिंती धरतात, उरलेल्या दोन बाजूंना चार-चार पॅनल. ८ बाय ८, म्हणजे ६४ चौरस फूट. पॅनल तेच, खर्च तोच, जागा चौपट. वर सांगितलेल्या ६५ चौरस फुटांच्या अगदी जवळ तुम्ही एका संचात पोहोचलात. एवढा कोपरा सगळ्यांकडे नसतो हे आम्हाला माहीत आहे. पण संच घेण्याआधी टेप घेऊन घरात एक फेरी मारा. पलंग हातभर सरकवून निघालेली जागा विकत घ्यावी लागत नाही.

उभारताना काही गोष्टी जपायला हव्यात. कुंपण भिंतीला जिथे टेकतं तिथेच ससा आधी जोर लावतो. नाक खुपसतो, मग डोकं, आणि हलकं कुंपण बोटभर सरकलं की काम झालं. त्या टोकाला जड कपाट टेकवा किंवा भिंतीला हूक मारून पॅनल बांधा. जोडांवर खाली आणि वर केबल टाय लावा आणि त्यांची उरलेली शेपटं मुळाशी कापा, नाहीतर ती डोळ्याला लागतात किंवा पोटात जातात. उंची ३ फुटांपेक्षा कमी घेऊ नका. लहान चणीचे ससे उडीत कमी नसतात. पिल्लू असेल तर तळाशी वीतभर पुठ्ठा किंवा बारीक जाळी आतून लावा, कारण डोकं मावतं तिथून पिल्लू निसटतं.

भिंतीचा रंग आणि कडेची लाकडी पट्टी कुरतडली जाण्याची शक्यता असते. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, तेव्हा कुरतडणं हा खोडसाळपणा नाही, ती त्याची गरज आहे. जाड पुठ्ठा भिंतीला उभा करून ठेवा, खराब झाला की बदला. विजेच्या वायरी मात्र कुंपणापासून दोन वीत तरी लांब हव्यात. वायर तुटायला सशाचा एक चावा पुरतो.

कुंपण लगेच मिळत नसेल तर

मोठ्या कुत्र्यांसाठी येतो तो घडीचा जाळीचा पिंजरा, तळाला प्लास्टिकचा ट्रे असलेला, हा आमच्या मते दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय. सर्वांत मोठं माप घ्या आणि दार दिवसातला बराच वेळ उघडं ठेवा. पुढे कुंपण आलं की हाच पिंजरा त्याच्या आत झोपायची खोली म्हणून बसतो, म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या मांडणीसाठी जाळीचे चौकोन मिळतात, १४ इंचांचे. ते केबल टायनं जोडून लोक छान घर बांधतात. घेताना भोकं बघा. बारीक भोकांचे चांगले. मोठ्या भोकांत सशाचं डोकं अडकतं आणि घाबरून तो हिसके देत सुटतो.

ससा आजच आला असेल आणि हाताशी काहीच नसेल, तर कोरडी न्हाणीघराची खोली एका रात्रीपुरती चालते. साबण, फिनेल, ब्रश बाहेर काढा, फरशीवर जुने टॉवेल अंथरा, एक खोकं ठेवा, गवत-पाणी ठेवा, दार लावा. प्रवासाच्या टोपलीत मात्र रात्र काढायला लावू नका.

काचेची माशांची टाकी नको. हवा खेळत नाही आणि मुताचा उग्र वास आत कोंडून श्वासाचे आजार होतात. जस्ताचा मुलामा दिलेली उघडी जाळीही नको, कारण ससा ती चावतो आणि जस्त पोटात जातं. पावडर कोटिंग केलेली घ्या.

जाळीचा तळ: याबद्दल थोडं सविस्तर

पूर्वी आम्हीही जाळीच्या तळाचे पिंजरे ठेवायचो. लेंड्या खाली ट्रेमध्ये पडतात, साफसफाई सोपी, असं सांगून विकायचो. एक दिवस एक ताई ससा टॉवेलमध्ये गुंडाळून दुकानात घेऊन आल्या. त्यांनी त्याचे मागचे पाय दाखवले. टाचांवरचे केस झडलेले, कातडी लालबुंद, आणि एका टाचेवर जखम होऊन खपली धरलेली. कुत्र्या-मांजरांच्या पंजाला असते तशी गादी सशाच्या पंजाला नसते, फक्त दाट केस असतात. तारेवर सतत बसलं की ते झिजतात, मग कातडी सोलवटते आणि जखम चिघळली तर संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. तो पिंजरा आमच्याच दुकानातला होता. त्यानंतर आम्ही तसा पिंजरा ठेवलेला नाही. तुमच्याकडे आधीपासून तसा असेल तर फेकायची गरज नाही. तळावर जाड पुठ्ठा किंवा लाकडी फळी बसवा आणि वर कापड अंथरा.

गुळगुळीत फरशीचा त्रास वेगळा. ससा पाय रोवायला जातो आणि पाय घसरून फाकतात. मग तो एकाच जागी बसून राहतो आणि आपण म्हणतो, किती शांत आहे! जुनी सतरंजी अंथरा, चटई अंथरा. दुसऱ्या दिवशी तो कसा फिरतो ते बघा. सतरंजीचे धागे तो चघळत असेल तर ती काढून दुसरं काहीतरी टाका.

आत काय ठेवायचं

दडायला पुठ्ठ्याचं खोकं सर्वांत उत्तम, आणि ते फुकट मिळतं. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका. दोन दारं कापा, एक इकडे, एक तिकडे. एकच दार असलेल्या खोक्यात सशाला आपण कोंडले गेलो असं वाटतं. बिळालाही दुसरी वाट असतेच.

मांजरासाठी मिळतो तो मोठा ट्रे कोपऱ्यात ठेवा, तळाशी कागदाच्या गोळ्या किंवा फाडलेला साधा कागद, आणि एका बाजूला भरपूर वाळलेलं गवत. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, म्हणून गवत आणि ट्रे एकत्र ठेवले की सवय आपोआप लागते. ओलं झाल्यावर गोळा होणारी मांजरांची माती वापरू नका, ती पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं. देवदार आणि पाइनचा कच्चा भुसाही नको. पाणी जड, पसरट वाडग्यात द्या. बाटलीपेक्षा वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात.

ऊन आणि उकाडा

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा ३० अंशांच्या आसपास गेला की त्याला धोका सुरू होतो. म्हणून गॅलरी, गच्ची, दुपारचं ऊन येणारी खिडकी या जागा तात्पुरत्यासुद्धा नकोत. घर लावलंत की एक दिवस ऊन कसकसं सरकतं ते बघा. सकाळी सावलीत असलेला कोपरा तीन वाजता भाजत असतो. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून आत ठेवली तर ससा तिला टेकून बसतो. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा.

कुणाचा जुना पिंजरा मिळाला तर

जरूर घ्या. त्यावर मुताचे पांढरे, खरबरीत डाग असतील, ते व्हिनेगरनं निघतात. मग भरपूर पाण्यानं धुऊन काढा. त्यानंतर पातळ केलेल्या ब्लीचनं पुसा, पुन्हा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. जुनं लाकडी खुराडं असेल तर वास घ्या. मूत लाकडात मुरलेलं असेल तर ते धुऊन जात नाही.

ससे दोन असतील तर

एकमेकांना अनोळखी दोन ससे पहिल्या दिवशी एकाच कुंपणात सोडू नका. फार वाईट भांडतात, रक्त निघेपर्यंत. दोन कुंपणं शेजारी शेजारी लावा आणि मध्ये चार बोटं अंतर ठेवा, कारण जाळीतून नाकाला चावा बसतो. नर-मादीची खात्री नसेल तर डॉक्टरांकडून करून घ्या. सशिणीची पिल्लं सुमारे ३१ दिवसांत होतात आणि व्याल्याबरोबर ती पुन्हा गाभण राहू शकते. नसबंदीची शस्त्रक्रिया झाल्यावरही काही आठवडे नरापासून मादी गाभण राहू शकते.

पहिले आठ दिवस

नवी जागा, नवे वास, नवे आवाज. सुरुवातीला कुंपणाचा अर्धाच भाग वापरा आणि ससा ट्रे वापरू लागला की पॅनल सरकवत जागा वाढवा. घराची जागा मात्र पुन्हा पुन्हा बदलू नका. पंधरा दिवसांत हॉल, स्वयंपाकघर, मग गॅलरी, अशी अक्षरशः ससेहोलपट झालेले ससे आमच्याकडे येतात आणि ते माणसाला बुजू लागलेले असतात. उचलून घ्यायचा मोह आवरा. कुंपणात जमिनीवर बसा, काहीतरी वाचत राहा. त्याचा तो येऊन तुमचा पाय हुंगेल.

रोज सकाळी लेंड्या बघा. गोल, कोरड्या आणि भरपूर असल्या की पोट ठीक आहे. १२ तास खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता ससे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

आणि एखाद्या दुपारी तो अचानक धपकन कुशीवर पडेल, डोळे अर्धवट मिटलेले, पाय लांब. अशा वेळी घाबरून फोन आलेले आहेत आम्हाला. पोटाकडे बघा. ते शांतपणे वर-खाली होत असेल तर ससा झोपला आहे, त्याला तसंच राहू द्या.

दुकानात येताना त्या कोपऱ्याची मापं आणि मोबाईलवर काढलेला फोटो घेऊन या. फोटोत प्लग आणि खिडकी दोन्ही दिसू देत. किती पॅनल लागतील ते आपण कागदावर आखून बघू, आणि घरातलंच काही वापरता येत असेल तर तेही सांगू.