क्रिप्टोचं ॲप एवढे कागद का मागतंय?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक | कर सल्ला व हिशेब कार्यालय, नवा मोंढा, नांदेड

सोयाबीनच्या पट्ट्या हातात पडल्या की एक-दोन जण ऑफिसात येऊन मोबाइल पुढं धरतात. "साहेब, हे ॲप पुन्हा पॅन मागतंय, सेल्फी मागतंय, वरून पैसे कुठून आणले म्हणून विचारतंय. हे काय पोलीस आहेत का?"

पोलीस नाहीत. पण त्यांना विचारणं भाग आहे. ७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयानं अधिसूचना काढून क्रिप्टोची खरेदी-विक्री, अदलाबदल आणि सांभाळ करणाऱ्यांना २००२ च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणलं. ग्राहकाची ओळख पटवायची, व्यवहाराच्या नोंदी ५ वर्षं जपायच्या आणि संशय आला तर दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे एफआययूला कळवायचं, हे बँकेचं काम आता त्यांनाही लागू आहे. तुमच्याबद्दल कळवलं की नाही, हे ते तुम्हाला सांगू शकत नाहीत. तेव्हा कस्टमर केअरशी भांडून उपयोग नाही.

ऑफिस परदेशात आहे म्हणून सुटका नाही. डिसेंबर २०२३ मध्ये एफआययूनं बायनान्स, कुकॉइनसह ९ परदेशी एक्स्चेंजना, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री चालवणाऱ्या कंपन्यांना, नोटिसा धाडल्या. पुढं जून २०२४ मध्ये बायनान्सला १८.८२ कोटी रुपयांचा दंड झाला.

एवढा कडकपणा कशासाठी? फसवणुकीचा पैसा आधी कुणाच्या तरी भाड्यानं घेतलेल्या खात्यात येतो, तिथून त्याचे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेतले जातात आणि काही मिनिटांत तो देशाबाहेर गेलेला असतो. मागं राहतो फक्त खातेदार. तो अनेकदा क्लाससाठी शहरात खोली करून राहिलेला पोरगा असतो.

आमच्या एका ग्राहकाच्या मुलानं तर खातं भाड्यानंही दिलं नव्हतं. बाजारापेक्षा दोन रुपये जास्त भाव मिळतो म्हणून त्यानं टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला ३८,००० रुपयांचे यूएसडीटी विकले. पैसे यूपीआयनं लगेच आले. बाराव्या दिवशी खातं होल्डवर. आलेली रक्कम दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी फसवणुकीची निघाली. त्याच खात्यात वडिलांच्या सोयाबीनचे १,६४,००० होते आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर. बी-बियाणं उधारीवर आणावं लागलं, खातं सुटायला चार महिने गेले. पोराकडं समोरच्याचं नाव नव्हतं, पावती नव्हती. चॅटसुद्धा समोरच्यानं पुसून टाकलं होतं. म्हणून आमचं स्पष्ट मत: दोन रुपयांसाठी अनोळखी माणसाशी परस्पर सौदा करू नका, आणि शेतीचे पैसे ज्या खात्यात येतात ते क्रिप्टोला जोडूच नका.

उलट बाजूही सांगतो. क्रिप्टो ॲपची एफआययूकडं नोंदणी आहे म्हणजे तुमच्या पैशाला सरकारची हमी आहे, असं नाही. वझीरएक्स हे एक्स्चेंज नोंदणीकृतच होतं. जुलै २०२४ मध्ये तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथं तसलं काही नाही.

पैसे कुठून आले असं विचारलं तर आडतीची पट्टी आणि त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट जोडा, बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. पट्टी नातेवाइकाच्या नावावर असेल तर आधी आम्हाला दाखवा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्यातून घेतलेल्या क्रिप्टोचा नफाही करमुक्त, हा गैरसमज फार आहे. नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. बिटकॉइनमध्ये २०,००० कमावले आणि दुसऱ्या कॉइनमध्ये तेवढेच घालवले, तरी कर ६,२४० रुपये. तोटा वजा होत नाही. एक्स्चेंजनं विक्रीवर १ टक्का टीडीएस कापलेला असतो, म्हणजे व्यवहार आयकर खात्याला आधीच दिसतो. रिटर्न भरायला येताना वर्षभराचं ट्रेड स्टेटमेंट आणा, स्क्रीनशॉट नकोत.

खातं होल्ड झालंच, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, रक्कम आणि कोणत्या पोलिसांचं पत्र आलं हे लेखी घ्या आणि तो कागद घेऊन या. तुमचीच फसवणूक झाली असेल तर मात्र आमच्याकडं येण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तिथं मिनिटं मोजली जातात. आणि 'पाच हजार द्या, उद्या खातं चालू करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला ओटीपी देऊ नका.