सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन : प्लॅटिनम तेच, औषध वेगळं

परळला टाटा मेमोरियलच्या आसपास केमोची फाइल घेऊन बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात हे वाक्य येतंच: "आधी सिस दिलं होतं, आता कार्बो देणार, म्हणजे जरा सौम्य." यातलं अर्धंच खरं आहे. कार्बोप्लॅटिन म्हणजे पातळ केलेलं सिसप्लॅटिन नव्हे, आणि तसं समजणं धोक्याचं आहे.

दोन्ही कॅन्सरवरची औषधं, प्लॅटिनम धातूची संकुलं, म्हणजे धातूच्या अणूभोवती इतर अणू-रेणू जोडलेले. मध्ये प्लॅटिनमचा एक अणू, त्याला जोडणाऱ्या चार जागा, त्यांतल्या शेजारशेजारच्या दोन जागी अमोनिया. इथवर दोघांत काडीचाही फरक नाही. पेशीत शिरल्यावरचं कामही तेच: प्लॅटिनम डीएनएमधल्या ग्वानिनला, बहुतेकदा लागून असलेल्या दोन ग्वानिनना, पकडतो. साखळी तिथे वाकते, तिची नक्कल निघेनाशी होते आणि पेशी मरते.

फरक आहे तो उरलेल्या दोन जागांचा. सिसप्लॅटिनमध्ये तिथे दोन सुटे क्लोराइड असतात. रक्तात क्लोराइड भरपूर, लिटरमागे सुमारे १०० मिलिमोल, त्यामुळे तिथे ते सहसा जागा सोडत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड फारच कमी. तिथे ते सुटतात, पाणी त्यांची जागा घेतं आणि प्लॅटिनम डीएनएला चिकटायला मोकळा होतो. सिसप्लॅटिन सलाईनमधून देतात तेही याच कारणाने. या औषधाचा शोध योगायोगानेच लागला. अमेरिकेत शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबले, पण ती करामत विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून पाण्यात उतरलेल्या संयुगांची होती. हे १९६५ साली प्रसिद्ध झालं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला मान्यता मिळाली. इतक्या साध्या रेणूने इतके जीव वाचवावेत, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

कार्बोप्लॅटिनमध्ये त्याच दोन जागा एकच सेंद्रिय लिगंड (धातूला जोडला जाणारा रेणू) अडवून बसतो, खेकड्याने दोन्ही नांग्यांनी धरावं तसा. ही पकड सावकाश सुटते, म्हणून औषध संथपणे काम करतं. किडनी, कान, नसा यांना होणारा त्रास आणि उलट्या बऱ्याच कमी होतात. पण हाडांतल्या मगजावर ताण येतो आणि विशेषतः प्लेटलेट घसरतात. सिसप्लॅटिनच्या आधी-नंतर सलाईनच्या बाटल्या लावून किडनी सांभाळावी लागते. कार्बोप्लॅटिनमध्ये खरी नजर ठेवायची ती रक्ताच्या रिपोर्टवर.

डोस काढायची रीतही निराळी, आणि सर्वांत जास्त जपायचं ते इथेच. सिसप्लॅटिन शरीराच्या पृष्ठभागावरून मोजतात: चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम धरले, तर १.६ चौरस मीटरच्या माणसाला १६०. कार्बोप्लॅटिन मुख्यतः किडनीतून बाहेर पडतं, म्हणून त्याचा हिशोब किडनीच्या गाळण्याच्या वेगावरून होतो. त्या वेगात २५ मिळवायचे आणि ठरवलेल्या एयूसीने, म्हणजे रक्तात औषध किती आणि किती वेळ राहावं याच्या मापाने, गुणायचं. वेग मिनिटाला ७५ मिलिलिटर आणि एयूसी ५ असेल तर डोस ५०० मिलिग्रॅम. आता नावांची गल्लत होऊन हे ५०० सिसप्लॅटिनचे गेले, तर जिवावरच बेतेल. म्हणून फाइलवर नुसतं 'प्लॅटिन' किंवा अर्धवट नाव असू नये, पूर्ण नाव असावं. आणि बाटली लावण्याआधी नातेवाइकांनी सिस्टरला ते वाचून दाखवायला सांगितलं, तर त्यात संकोच कसला?

कुणाला कोणतं द्यायचं, ते आजारावर ठरतं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये कार्बोप्लॅटिन तोडीस तोड ठरलं आहे. वृषणाच्या कॅन्सरमध्ये मात्र ते कमी पडतं, तिथे सिसप्लॅटिनच हवं. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्येही रेडिएशनसोबत आधी सिसप्लॅटिनचाच विचार होतो. टाटा मेमोरियलने २०१८ मध्ये ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर तीन आठवड्यांनी चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम सिसप्लॅटिन दिल्यावर आजार दर आठवड्याच्या ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त आटोक्यात राहिला, पण त्रासही जास्त झाला. तेव्हा त्रास होतोय म्हणून थेट "कार्बो द्या" असा आग्रह धरण्याआधी उलट्या आणि किडनीसाठी आणखी काय करता येईल, ते डॉक्टरांना विचारा.