कॅम्पर ट्रेलरचा फ्रिज

मोटारीच्या मागे जोडून न्यायच्या छोट्या फिरत्या बिऱ्हाडात, म्हणजे कॅम्पर ट्रेलरमध्ये, बसवलेला शीतकपाट. ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि युरोपातल्या ट्रेलरांत तो दीर्घकाळ शोषण पद्धतीचा असे आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसाच असतो. दिसायला घरच्या फ्रिजसारखा, पण जातीने वेगळा. त्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा एकही भाग नाही. एलपीजीची ज्योत, मोटारीची १२ व्होल्ट वीज किंवा मुक्कामाच्या तळावरची २३० व्होल्ट (अमेरिकेत १२०) वीज, यांपैकी कशावरही चालतो म्हणून त्याला ‘थ्री-वे’ फ्रिज म्हणतात. हॉटेलच्या खोलीत कधीच घरघर न करणारा मिनीबार पाहिला असेल, तर तो बहुतेक याचाच भाऊबंद.

शोषण पद्धतीने थंडावा निर्माण करणारे यंत्र फ्रेंच अभियंता फेर्दिनां कारे याने १८५९ च्या सुमारास केले. मात्र ते मोठे होते आणि त्याला पंप लागे. पंपावाचून चालणारी रचना १९२२ मध्ये स्टॉकहोमच्या तंत्र महाविद्यालयातल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधली. १९२५ मध्ये ती इलेक्ट्रोलक्स कंपनीकडे गेली. आजच्या ट्रेलरांत सापडणारी डोमेटिक ही छापही त्याच घराण्यातली. आइन्स्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ सिलार्ड यांनीही हलत्या भागांवाचून चालणाऱ्या फ्रिजचे पेटंट १९३० मध्ये अमेरिकेत मिळवले होते, पण तो फ्रिज बाजारात कधी आला नाही.

कार्यपद्धती

ज्योत पेटवून बर्फ करायचा, हे ऐकायला विचित्र वाटते. युक्ती अमोनियात आहे. वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. फ्रिजच्या पाठीमागच्या बंद पोलादी नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरलेले असतात. तळाच्या बॉयलरमध्ये अमोनियामिश्रित पाणी तापले की अमोनियाची वाफ सुटते, आणि तिचे बुडबुडे उरलेले पाणी बारीक नळीतून वर ढकलतात. वाफ माथ्यावरच्या संघनकात जाऊन निवते आणि द्रवरूप होते. हा द्रव फ्रिजच्या आतल्या बाजूच्या नळीत उतरतो तिथे त्याला हायड्रोजन भेटतो. एकूण दाबाचा बराच भाग हायड्रोजन उचलत असल्याने अमोनियाच्या वाट्याचा दाब एकदम घटतो, तो भराभर वाफ होऊ लागतो आणि लागणारी उष्णता अन्नातून खेचून घेतो. माठातले पाणी निवते ते याच नियमाने. इथे फक्त पाण्याच्या जागी अमोनिया आहे आणि वाफ हवेत न जाता ‘शोषक’ नावाच्या नळ्यांत पुन्हा पाण्यात विरघळून (हेच शोषण) बॉयलरकडे परतते.

सगळे अभिसरण गुरुत्वावर चालते. म्हणून उभ्या ट्रेलरमधला फ्रिज समतल हवा. आधुनिक फ्रिजना साधारणतः डावी-उजवीकडे ३ आणि पुढे-मागे ६ अंशांपर्यंतचा कल चालतो. गाडी धावत असताना कल सतत बदलतो, त्यामुळे बिघडत नाही. पण उतारावर ट्रेलर उभा करून रात्रभर फ्रिज चालू ठेवला तर द्रव एका जागी अडकतो आणि बॉयलर कोरडा तापतो. मग नळ्या गंजू नयेत म्हणून घातलेल्या सोडियम क्रोमेटचे कण साचून वाट कायमची बंद होऊ शकते. गवंड्याची छोटी पाणसळ फ्रिजमध्ये ठेवून पाहणे हा या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त विमा.

थंड व्हायला लागणारा वेळ

नव्या मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते: फ्रिज चालू करून दोन तास झाले तरी आत कोमटच. बहुतेक वेळा फ्रिज बिघडलेला नसतो, अपेक्षा चुकलेली असते. ढोबळ हिशेब असा: १७५ वॅटचा तापक (विजेवर बॉयलर तापवणारा हीटर) असलेला फ्रिज आतून बाहेर फेकतो ती उष्णता त्याच्या साधारण चौथ्या भागाइतकी, म्हणजे चाळीसएक वॅट. दहा लिटर पेये ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे ३५० वॅट-तास उष्णता काढावी लागते. म्हणजे नुसत्या बाटल्यांनाच आठ-नऊ तास. त्यात दार उघडणे आणि भिंतींतून शिरणारी उष्णता धरलेली नाही. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशीच फ्रिज घरच्या विजेवर लावतात, आणि भरायचे ते सामान घरच्या फ्रिजमध्ये आधीच गार करून. आत गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या की सुरुवातीचा भार आणखी उतरतो.

वेळेइतकीच मर्यादा तापमानाचीही आहे. हा फ्रिज बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनीच थंड करू शकतो. फ्रिज किती उष्ण हवेत चालेल हे त्याच्या हवामान वर्गावरून कळते: ‘एन’ वर्ग ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ ३८ पर्यंत, ‘टी’ ४३ पर्यंत. ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात ‘एन’ वर्गाचा फ्रिज नेऊन त्याला नावे ठेवणे अन्यायाचे आहे.

पाठीमागची हवा

थंडावा आत दिसतो, पण त्याचा निकाल पाठीमागे लागतो. आतून काढलेली आणि तापकाने दिलेली अशी सगळी उष्णता संघनक व शोषक यांतून बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी ट्रेलरच्या भिंतीला खाली एक आणि वर एक असे जाळीचे झरोके असतात. गरम हवा वरून निघते, खालून ताजी येते. थोडक्यात, चुलीवरच्या धुराड्यासारखी ओढ. छोट्या ट्रेलरांत हाच भाग हमखास ढिसाळ बसवलेला सापडतो. फ्रिज आणि बाहेरची भिंत यांत हातभर पोकळी राहते, हवा संघनकाला न शिवता मधूनच निघून जाते, आणि फ्रिजच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेत गरम हवेचे तळे साचते. पत्र्याचा आडोसा लावून ही पोकळी अडीच सेंटिमीटरच्या आत आणली आणि माथ्यावरची जागा बंद केली की हवेला संघनकातूनच जावे लागते. एवढ्या एका दुरुस्तीने जो फरक पडतो तो तापमानाचा खटका कितीही फिरवून पडत नाही.

त्यानंतर पंखा. संगणकात असतो तसला १२ व्होल्टचा छोटा पंखा संघनकाजवळ, हवा वर ढकलेल असा लावतात. तो ज्योतीजवळ लावला तर ज्योत विझू शकते. फ्रिजची बाजू दुपारच्या उन्हापासून वाचवणेही तितकेच मोलाचे: ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडे कलतो, त्यामुळे झरोके दक्षिणेकडे येतील असा ट्रेलर उभा करतात, उत्तर गोलार्धात याच्या उलट.

वीज की गॅस

१२ व्होल्टवर हा फ्रिज फक्त गाडी धावत असताना चालवायचा. १७५ वॅट म्हणजे साडेचौदा अँपिअर. १०० अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन तासांत निम्मी होते. शिवाय मोटारीच्या इंजिनापासून ट्रेलरपर्यंत लांब, बारीक वायर असली तर वाटेतच विजेचा दाब (व्होल्टेज) गळतो. तापकाची शक्ती या दाबाच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलते, त्यामुळे १२ ऐवजी १०.५ व्होल्ट पोचले तर १७५ वॅटचे १३४ उरतात. जाड वायर टाकणे हाच त्यावरचा इलाज.

मुक्कामी गॅस उत्तम, ज्योत स्वच्छ निळी असेल तर. पिवळी ज्योत म्हणजे काजळी किंवा बर्नरमध्ये कोळ्याचे जाळे. बर्नर आणि धुराड्याची सफाई वर्षातून एकदा जाणकाराकडून करून घेतात. फ्रिजची पाठ आणि राहण्याची जागा यांच्यामधली फट पूर्ण बंद हवी, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरतो. पेट्रोल पंपावर ज्योत विझवणे बंधनकारकच समजावे. उंच डोंगराळ भागात हवा विरळ झाल्याने ज्योत आपोआप विझण्याचे प्रसंग येतात. तिथे वीज मिळाली तर विजेवर न्यावे.

आतली मांडणी

आत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर जमलेले दव-बर्फ उष्णतेला अडवते, म्हणून ते वितळवावे. सामान ठासून भरू नये. फळ्यांवर कागद अंथरून हवा अडवू नये. दाराच्या रबरात कागद अडकवून ओढून पाहावा, सहज निघाला तर रबर गेले. खरे तापमान पाहायचे तर तापमापक हवेत न टांगता पाण्याच्या पेल्यात ठेवावा. तो पाच अंशांच्या आत असेल तर दूध-मांस सुरक्षित.

नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर गळती आहे. फ्रिज बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. साठलेले कण हलवण्यासाठी फ्रिज काढून उलटा ठेवण्याची जुनी युक्ती कधीकधी लागू पडते, पण तो शेवटचा उपाय.

सौर पट्ट्या आणि लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्यापासून नव्या ट्रेलरांत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज शिरला आहे. तो चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो, मधूनमधून थांबतो, कललेल्या जमिनीवरही चालतो आणि उन्हाळ्यात हार मानत नाही. ढगाळ हवेत आठवडाभर एकाच जागी राहायचे असेल, तर मात्र गॅसच्या एका सिलिंडरवर गुपचूप चालणारा जुना फ्रिजच पुरून उरतो.